पिशवीत अडकलेला कढीपत्ता: मुळं मोकळी करून कुंडी कशी बदलायची

चार वर्षांपूर्वी माझं कागदी लिंबाचं रोप गेलं. बारा इंची कुंडी होती, सकाळचं चांगलं चार तास ऊन होतं, गांडूळखत वेळच्या वेळी पडत होतं. तरी दोन वर्षांत ते वीतभरही वाढलं नाही, आणि मग एका उन्हाळ्यात वाळलं. कुंडी रिकामी करायला म्हणून बुंधा धरून ओढला, तर काही जोर न लावता तो हातात आला. खाली मुळांचा गोळा होता, नर्सरीतल्या पाच इंची काळ्या पिशवीच्या मापाचा. पिशवीच्या तळाला जशा घड्या असतात, तशा घड्याही त्या मुळांवर उमटलेल्या होत्या. भोवतीच्या एवढ्या मातीत दोन वर्षांत एकही मूळ शिरलं नव्हतं. मी पिशवी काढली होती, पण रोप पिशवीतून बाहेर आलंच नव्हतं.

त्या दिवसापासून मी कुठलंही रोप मुळं पाहिल्याशिवाय लावत नाही. हे सगळं लिहायला बसले तेही त्याच लिंबामुळे.

गेल्या जूनमध्ये शेजारच्या काकू काळी पिशवी कुशीत धरून दारात आल्या.

‘अगं, हा बघ ना गं. दिवाळीत आणला. आठ महिने झाले, एक धड फूट नाही. शेणखत घातलं, आंबट ताक घातलं, तांदूळ धुतलेलं पाणी घातलं. आता काय घालू सांग.’

‘काकू, आता काही घालू नका. आधी आत काय चाललंय ते बघू.’

बाहेरून काय दिसतं

रोप दीड फूट उंच. खालची दांडी उघडी, पानं फक्त शेंड्याला. पानं फिकट पिवळसर आणि लहान, म्हणजे एकेक पर्ण जेमतेम करंगळीच्या नखाएवढं. मुळांना जागा उरली नाही की नवी पानं आधीच्या पानांपेक्षा लहान यायला लागतात. हे लक्षण मला सगळ्यात भरवशाचं वाटतं, कारण नुसता पिवळेपणा दहा कारणांनी येतो.

मग पिशवी दाबून पाहिली. ताज्या भरलेल्या रोपाची पिशवी दाबली की माती जरा दबते. ही दगडासारखी लागत होती आणि एका बाजूला फुगली होती. तळाच्या भोकांतून तपकिरी मुळं बाहेर येऊन वाळली होती. वरची माती बोटानं खरवडली तर अर्ध्या सेंटीमीटरवर शेवयांसारखी मुळं एकमेकांत गुंतलेली.

पाण्याची परीक्षा घरी कुणालाही करता येते. अर्धा लिटरचा मग भरून सावकाश ओता आणि तळाकडे लक्ष ठेवा. काकूंच्या रोपाला घातलेलं पाणी दहा आकडे मोजायच्या आत खालून वाहायला लागलं. काकू म्हणाल्या, ‘बघ, निचरा किती छान आहे!’ खरं तर पाणी आत गेलंच नव्हतं. वाढत्या मुळांनी मातीची जागा घेतली होती, उरलेला गोळा वाळून आक्रसला होता, आणि पिशवी व गोळा यांच्यात पडलेल्या फटीतून पाणी थेट खाली उतरत होतं. म्हणून रोज पाणी घालूनही दुपारी पानं माना टाकायची. काकूंना वाटायचं पाणी कमी पडतंय, त्या आणखी घालायच्या, आणि तेही तसंच खाली जायचं.

पाणी घातल्यावर पिशवी उचलून हातानं वजन बघण्याची सवयही लावून घ्या. भरपूर पाणी घालूनही ती हलकीच लागत असेल, तर आतला गाभा कोरडा आहे.

कुंडी बदलायच्या आधी दुसरं काही दुखणं नाही ना, एवढं पाहून घ्यायचं. पानं पिवळी पण शिरा हिरव्यागार राहिल्या असतील, तर लोह कमी पडतंय. बोअरचं जड पाणी सतत घातलं की आमच्याकडे हडपसरला हे फार दिसतं. पानं चिकट लागत असतील आणि मुंग्या फिरत असतील, तर खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण शोधा. पानं कडेनं कुरतडलेली असतील, तर लिंबू फुलपाखराची अळी असणार. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. लिंबू आणि कढीपत्ता एकाच कुळातले, म्हणून तिला दोन्ही चालतात. माती सतत ओली असून तिला कुजका वास येत असेल, तर मुळं सडली आहेत. तो आजार याच्या अगदी उलटा, तिथे आधी पाणी थांबवावं लागतं. आणि डिसेंबर-जानेवारीत कढीपत्ता पिवळा पडून पानं गाळत असेल, तर घाबरायचं कारण नाही. थंडीत तो झोपतोच.

रोप जिवंत आहे की नाही अशी शंका आली, तर दांडीवर नखानं अगदी हलकं खरवडा. साल निघून खाली हिरवं दिसलं तर जीव आहे. काकूंच्या रोपाची दांडी हिरवी होती, तेव्हा कुठे त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

कधी करायचं

मृग लागला, पहिले एक-दोन पाऊस झाले की करायचं. हवेत ओल असते, ऊन उतरलेलं असतं, आणि रोप स्वतःहून वाढीला लागलेलं असतं. दुसरी वेळ फेब्रुवारीचा शेवट ते मार्चची सुरुवात, थंडी सरून नवी फूट धरायच्या तोंडावर. एप्रिल-मे मध्ये मुळांना सुरी लावू नये. पुण्यात तेव्हा पारा चाळिशीला टेकतो आणि कापलेली मुळं पानांना पाणी पुरवू शकत नाहीत. अगदीच जीव जात असेल, तर मे महिन्यात फक्त पिशवी काढायची, गोळा जसाच्या तसा थोड्या मोठ्या कुंडीत ठेवायचा, भोवती माती भरून सावलीत सांभाळायचं, आणि मुळं सोडवायचं काम पावसात करायचं. हे ‘नंतर’ विसरू नका, माझं लिंबू त्या ‘नंतर’मध्येच गेलं. दिवसभरात मला संध्याकाळ बरी वाटते, रोपाला पुढची अख्खी रात्र सावरायला मिळते.

कुंडी आणि माती

काकूंनी हौसेनं चौदा इंची कुंडी आणली होती. मी ती बाजूला ठेवायला लावली. पाच इंची पिशवीतल्या रोपाला आठ इंची कुंडी पुरे. फार मोठी कुंडी दिली की मुळं नसलेली माती भोवती ओलीच राहते, ते पाणी प्यायला कुणीच नसतं, माती आंबते आणि नव्या मुळांची टोकं सडतात. दीड-दोन वर्षांनी आठवरून बारावर जायचं. चौदा इंची कुंडी तोवर त्यांच्याकडे पुदिन्याला उपयोगी पडली.

मातीची कुंडी मिळाली तर उत्तम, ती श्वास घेते. नवी असेल तर चार-पाच तास बादलीत बुडवून ठेवा, नाहीतर ती आपल्या वाट्याचं पाणी मातीतून शोषून घेते. प्लॅस्टिकचीही चालते, फक्त तळाला पाच-सहा चांगली भोकं हवीत. भोकावर खापरीचा तुकडा पालथा ठेवा. खाली खडीचा जाड थर मात्र घालू नका. निचरा होतो म्हणून सगळे घालतात, पण बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहजासहजी उतरत नाही, ते खडीच्या वरच अडून राहतं. म्हणजे ओल मुळांच्या आणखी जवळ येते आणि कुंडीतली दोन इंच जागाही जाते.

मातीचं माझं प्रमाण असं: दोन घमेली लाल माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक घमेलं भिजवून पिळलेलं कोकोपीट, आणि मूठभर निंबोळी पेंड. गोण्यांमधून येणारी लाल माती एकटी वापरली, तर दोन महिन्यांत विटेसारखी घट्ट होते. कोकोपीट नसेल तर जाडसर वाळू घ्या. शेणखत पूर्ण कुजलेलं असावं. हातात घेतल्यावर शेणाचा वास आला, तर ते आणखी दोन-तीन महिने ठेवा. कच्चं खत कुजताना तापतं आणि नुकती कापलेली मुळं भाजतात. सगळं मिश्रण आदल्या दिवशीच किंचित ओलं करून ठेवायचं. मुठीत दाबलं की लाडू वळावा आणि बोटानं टोचलं की फुटावा, एवढी ओल.

मुळं सोडवताना

सुरुवात बादलीपासून. पिशवीसकट रोप पाण्याच्या बादलीत ठेवा, पाणी पिशवीच्या काठापर्यंत यायला हवं. लगेच बुडबुडे यायला लागतात. काकूंच्या रोपातून सतरा-अठरा मिनिटं बुडबुडे येत होते, म्हणजे आत तेवढा कोरडा गाभा होता. बुडबुडे थांबले की बाहेर काढून अर्धा तास निथळू द्या. कोरड्या गोळ्यातली मुळं काडीसारखी मोडतात, भिजलेली वाकतात.

आता पिशवी. दांडी धरून रोप ओढू नका, दांडी आणि मुळं यांचा सांधा तुटतो. ब्लेडनं पिशवीला समोरासमोर दोन उभे चिरे द्या आणि केळ्याची साल काढतो तशी ती उतरवा. भोकांतून बाहेर आलेली मुळं पिशवीत अडकली असतील, तर तेवढी कापून टाका, ती वाळलेलीच असतात.

काकूंच्या रोपाचा गोळा बाहेर आला तेव्हा आम्ही दोघी थोडा वेळ नुसत्या बघत राहिलो. माती जवळजवळ दिसतच नव्हती. बाजूनं मुळांचे वेढेच वेढे, सुतळीचा गुंडा असावा तसे. तळाला काथ्याच्या पायपुसण्यासारखी घट्ट चकती झाली होती. एक जाड सोटमूळ सरळ खाली आलं होतं, तळाला आपटून वळलं होतं आणि दीड वेढा घेऊन परत वर चढायला लागलं होतं. काकू हळूच म्हणाल्या, ‘बिचारं वाट शोधत होतं गं.’

इथे बऱ्याच जणांचा हात थांबतो. मुळांना धक्का लागेल म्हणून गोळा तसाच नव्या कुंडीत ठेवतात. मीही लिंबाच्या वेळी तेच केलं होतं. गोल फिरायची सवय लागलेली मुळं पुढेही बराच काळ गोलच फिरतात. लाकडी रोपांत हे वेढे जाड होत जातात, आणि काही वर्षांनी तेच बुंध्याला फास लावतात. म्हणून वेढे तोडायलाच हवेत.

हे काम मी अशा क्रमानं करते. तळाची चकती धारदार सुरीनं एक-दोन सेंटीमीटर जाडीची सपाट कापून काढते. मग गोळ्याच्या बाजूनं वरपासून खालपर्यंत चार उभे काप देते, चार दिशांना, बोटाच्या नखाएवढे खोल. त्यानंतर बोटांनी, किंवा जेवणाच्या काट्यानं, बाहेरची मुळं विंचरल्यासारखी मोकळी करते. जी सुटतात ती बाहेरच्या दिशेला पसरवायची, जी सुटत नाहीत त्यांच्याशी झगडायचं नाही, काप दिला आहे तेवढा पुरतो. सोटमूळ लवचिक असेल तर सरळ करून खाली सोडायचं. काकूंच्या रोपाचं लाकडी झालं होतं, वाकवलं असतं तर मोडलंच असतं. म्हणून जिथे ते वळलं होतं, त्याच्या जरा वर कात्रीनं एका झटक्यात कापलं. सगळं मिळून एक चतुर्थांशापेक्षा जास्त मुळं जायला नकोत. सुरी आणि कात्री आधी साबणानं धुऊन पुसून घ्या.

मुळांचा रंग बघत चला. पांढरी किंवा फिकट तपकिरी आणि दाबल्यावर टणक लागणारी मुळं चांगली. काळी, बुळबुळीत, चिमटीत धरून ओढल्यावर साल हातात येणारी मुळं सडलेली, ती सगळी काढा.

काकूंच्या पिशवीत तीन रोपं होती, नर्सऱ्या कढीपत्त्याची पिशवी भरगच्च दिसावी म्हणून असं करतात. ‘तिन्ही वेगळी करूया का?’ काकूंनी विचारलं. अशक्त रोपांना ओढून वेगळं केलं, तर तिन्ही जायची भीती असते. मी सगळ्यात बारीक दांडी मातीच्या पातळीला कापली आणि दोन ठेवल्या.

मग लावणी. कुंडीत आधी एवढी माती घाला, की गोळा ठेवल्यावर त्याचा वरचा पृष्ठभाग कुंडीच्या काठाच्या एक इंच खाली येईल. दांडी पूर्वी जेवढी मातीत होती तेवढीच ठेवा, खोल गाडू नका. बुंध्याशी माती चढली की साल कुजते. भोवती माती घालताना एका काडीनं हलके टोचत जा, म्हणजे मुळांमधल्या पोकळ्या भरतात. वरून बोटांनी बेताचं दाबा. मुठीनं ठोकून बसवू नका, नाहीतर मोकळ्या केलेल्या मुळांना पुन्हा भिंतच मिळेल. शेवटी झारीनं पाणी, तळातून येईपर्यंत. माती थोडी बसेल, तिथे वरून भर घाला आणि पुन्हा थोडं पाणी.

पुढचे पंधरा दिवस

पहिले आठ-दहा दिवस रोप उजेडात पण थेट उन्हाबाहेर. दुसऱ्या दिवशी पानं थोडी लोंबतात, खालची चार-दोन पिवळी होऊन गळतात. कापलेल्या मुळांना तेवढी पानं पोसता येत नाहीत, म्हणून रोप स्वतःच भार कमी करतं. या वेळी पाण्याचा मारा करू नका. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. जूनच्या पावसात काकूंना तीन दिवसांनी एकदा घालावं लागलं.

खत महिनाभर अजिबात नाही. मातीत मिसळलेलं पुरतं. युरिया किंवा विरघळणारं कुठलंही खत या दिवसांत दिलं, तर क्षारांनी मुळांची कोवळी टोकं करपतात. वाळलेल्या काड्या तेवढ्या कापा, हिरवी पानं राहू द्या, नवी मुळं त्यांच्याच जिवावर येतात. फुलांचा किंवा फळांचा घोस धरला तर मात्र खुडून टाका.

पाचव्या दिवशी काकूंचा फोन आला, ‘अगं, सहा पानं गेली!’ दांडी खरवडून बघायला सांगितलं, हिरवी होती. अकराव्या दिवशी शेंड्याच्या खाली टाचणीच्या डोक्याएवढा पोपटी ठिपका दिसला. पंधराव्या दिवशी तिथे बोटभर फूट होती आणि तिची पानं जुन्या पानांच्या दुप्पट.

हीच रीत लिंबू, जास्वंद, पेरू, सीताफळ यांच्या तरुण रोपांना चालते. आंब्याचं कलम असेल तर जास्त जपून, तळाचे वेढे सोडवायचे पण मुख्य मुळाला शक्यतो सुरी लावायची नाही, आणि कलमाचा जोड मातीच्या बराच वर ठेवायचा. बोगनवेल आणि पपई यांची मुळं नाजूक, त्यांचा गोळा फोडू नका. बोगनवेल तर जरा आवळलेल्या कुंडीतच चांगली फुलते.

रोप घेतानाच

सोलापूर रस्त्यावर मांजरीपासून उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्यांची रांग आहे, मी बहुतेक तिथूनच रोपं आणते. उंच रोपाला भुलू नका. लहान पिशवीत चार फूट उंच रोप म्हणजे ते त्या पिशवीत फार दिवस राहिलेलं. पिशवी उचलून तळ बघा. कधी कधी मुळं पिशवी फोडून खालच्या जमिनीत गेलेली असतात आणि नर्सरीतला मुलगा पिशवी हिसका देऊन उपटतो. तिथे ते रोप टवटवीत दिसत असतं, कारण जमिनीतून पाणी पीत असतं. घरी आणल्यावर चार दिवसांत मान टाकतं आणि आपण समजतो आपलंच काहीतरी चुकलं. तळातून जाड तुटकी मुळं लोंबत असतील तर ते रोप ठेवून द्या. गुडघाभर उंचीचं, बुंध्याला जाड, मऊ पिशवीतलं रोप मागा. गोळ्याला नर्सरीवाले हुंडी म्हणतात. ‘हुंडी घट्ट झालेली नको’ असं म्हटलं, की ते बरोबर मागच्या रांगेतलं ताजं रोप काढून देतात.

काकूंना मी दसऱ्यापर्यंत एकही पान तोडू दिलं नाही, फोडणीला बाजारातलाच कढीपत्ता. दसऱ्यानंतर तोडतानाही सुटी पानं ओरबाडायची नाहीत, शेंड्याचा तुरा दोन पानांच्या वर नखानं खुडायचा. खुडलेल्या जागेखालून दोन फांद्या निघतात. काकूंच्या कुंडीत आत्ता तशा पाच आहेत. पुढच्या मृगाला गोळा एकदा बाहेर काढून बघायचा ठरवलं आहे. मुळं कुंडीच्या भिंतीला लागली असतील, तर बारा इंची कुंडी माझ्या गॅलरीत धुऊन ठेवलेली आहे.